तिसरी दोरी

सफक, सोमवार, १५ मे १९६१

प्रिय विनी,

तुझे गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. परसातला रूबार्ब यंदा इतका माजलाय की मी जुड्या वाटायला निघाले की शेजारीपाजारी दार लावून घेतात. पिवळी कोंबडी खुडूक बसली आहे.

काल देवळात गर्दी होती. पाद्रीबाबांनी काही नावं वाचली. कुणाची हरकत नव्हती.

बरं, सांगूनच टाकते. नावं माझी आणि रूबेनची होती. नावं वाचून हरकत विचारायचा तिसरा आणि शेवटचा रविवार होता, म्हणजे आता शनिवारी अकराला लग्न. "कुणाला हरकत?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी मान वळवून दाराकडे पाहिलं. भांडायला का होईना, तू येशील असं वाटलं होतं.

नाताळात तू म्हणालीस, "साठी बुद्धी नाठी! डुकरंवाल्याशी लग्न? सिली कुठली!" आणि पुडिंग अर्धं टाकून नॉर्विचची बस धरलीस. तिकडे राहून तूही आम्हाला 'सिली सफक' म्हणून हिणवायला शिकलीस, बये. जन्मलीस कुठे?

काल पाद्रीबाबा चहाला आले तेव्हा विचारलंच, हा 'सिली' शब्द आला कुठून? त्यांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, फार पूर्वी सिली म्हणजे सुखी, देवाची कृपा झालेला. सुखी माणूस निष्पाप, म्हणून मग निष्पाप. निष्पाप माणसाला कुणीही फसवतं, म्हणून बिचारा. मेंढपाळ मेंढीला सिली म्हणायचा तो याच मायेनं. आणि बिचाऱ्याला जग शेवटी खुळाच ठरवतं.

रूबेन म्हणाला, "चांगल्या घरचा शब्द, आणि घसरत घसरत आला माझ्या डुकरांत!"

"हेस्टरपण तशीच आली की," बाबा म्हणाले. मी इतकी हसले की चहा नाकात गेला.

विनी, मी खरंच सुखात आहे. सकाळी तो गाणं म्हणत डुकरांना खायला घालतो, बेसूर, आणि मी खिडकीत उभी राहून ऐकते. या वयात हे मिळेल असं वाटलं नव्हतं. तुझ्याकडे राहायला यायचं कबूल करून मी शब्द मोडला. तू एकटी पडलीस, राग त्याचा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. रूबेननं मागची खोली तुझ्यासाठी रंगवली आहे. रंग भयंकर आहे.

देवळात घंटा सहा, दर घंटेला एक दोरी, आणि वाजवणारे पाच. तिसरी दोरी पहिल्यापासून तुझी. शाळेचा नवा मास्तर ती धरायला टपलाय, पण मी हात लावू दिला नाही. तू नसलीस तर टण, टण, मग नुसतीच पोकळी, मग टण. साऱ्या गावाला ऐकू जाईल. जाऊ दे. माझ्या लग्नात तुझ्या जागी कुणी वाजवायचं नाही.

नॉर्विचची बस देवळापाशी साडेदहाला येते. हातमोजे आण, दोरी नवी आहे, हाताला काचते.

कान दाराकडे लावून बसलेली,
तुझी सिली
हेस्टर