चार तारांची सवय

सर,

तुमचं मँडोलिन मी मोडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडपडदा नको. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा तुम्ही ओरडणार नाही हे ठाऊक आहे. ओरडला असतात तर खरं बरं झालं असतं. घरात कुणीच ओरडलं नाही. नवरा म्हणाला, "जुनं होतं गं, व्हायचंच कधीतरी." मीही मान डोलावली आणि डब्याची तयारी करायला लागले.

मला तुमचं अंबरनाथचं स्वयंपाकघर आठवतं. मोरिवलीच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही चारला यायचात, रॉकेलने हाताचं ग्रीस काढायचात आणि ओट्याशी चटई टाकून बसायचात, कारण बाहेरच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन आणि ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका. मी बारा वर्षांची. तुम्ही सांगताय, "मँडोलिनचा सूर लगेच विरतो, पोरी. हात चालू ठेवायचा. तू थांबलीस की तो मेला." मग पिक तारेवर भरभर फिरवत एकच सूर ताणत बसायचं, मनगट भरून येईपर्यंत. एकदा मी मधेच थांबून बेसनाच्या लाडवाकडे हात नेला, तर तुम्ही तो हात तसाच धरून ठेवलात. "लाडू काय पळून चाललाय?" काकू बाहेरच्या खोलीतून करवादल्या, "अहो, पोरीला खाऊ तरी द्या! संगीताने पोट भरतं का?" तुमचंही कुठे भरत होतं म्हणा. रविवारी उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी लग्नांत लाडे, म्हणजे त्यांची लग्नगाणी, वाजवायला जायचात तेव्हा कुठे मशीनचा हप्ता सुटायचा.

त्या लाड्यांसाठीच तुम्ही तारा काढल्या होत्या. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. पण जोडी एकदम खेचून सूर वळवायला गेलं की दोन तारा दोन दिशांना जातात, म्हणून तुम्ही प्रत्येक जोडीतली एक काढून टाकलीत आणि चार तारांवर आयुष्य काढलंत. शेवटच्या वर्षी मला ते दिलंत तेव्हा पलंगावर उठून बसणंही तुम्हाला जड जात होतं. म्हणालात, "जपून वापर. तीस वर्षं याला चार तारांची सवय आहे. ओझं वाढवू नको." मी हो हो म्हटलं. आजारी माणसाची किरकिर समजून या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

आता मी काय वाजवते ते ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. पाच जण आहोत आम्ही: व्हायोला, क्लॅरिनेट, गिटार, एक गाणारी मुलगी आणि मी. संगीत पाश्चात्त्य शास्त्रीय, पण आजचं. त्यात चाल नाही, ठेका नाही, सम शोधायला गेलात तर जन्म जाईल. बारा मिनिटांत माझ्या वाट्याला पन्नाससुद्धा सूर नाहीत. उरलेला वेळ नुसत्या मात्रा मोजत बसायचं. ज्याने ते लिहिलंय तो पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिल्याच तालमीत म्हणाला, "ताई, वो भरभर मत करो ना. एकदा वाजवा आणि सोडून द्या. मरू दे सूर." दोन महिने माझा हात ऐकेना. मग ऐकायला लागला. मला काही वाटलं नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही.

त्याला तारांच्या जोड्या हव्या होत्या. जोडीतल्या दोन तारांच्या सुरांत जो केसाएवढा फरक राहतो तोच मला ऐकवायचाय, म्हणाला. "माझं घ्या ना ताई, मेरे पास एक्स्ट्रा है." पण कार्यक्रम अंबरनाथलाच होता, शिवमंदिराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि काकू येणार होत्या. ह्यांचं मँडोलिन एकदा स्टेजवर ऐकायचंय, असं वर्षभर म्हणत होत्या. मग मी शहाणीने तुमच्याच मँडोलिनला तुम्ही काढलेल्या जागी चार नव्या तारा चढवल्या, चांगल्या ताणून. तिसऱ्या दिवशी दुपारी बदलापूरला, कुळगावच्या घरी मेथी निवडत बसले होते, आतून खाट्कन आवाज आला. जाऊन पाहिलं. मान सांध्यातून उचकटली होती आणि वरची फळी खचून उभी चीर गेली होती. मी परत आले आणि उरलेली मेथी निवडली. जुडी मोठी होती.

कार्यक्रमाला मी त्या पोराचं मँडोलिन वाजवलं. अर्धी माणसं मधेच उठून गेली. काकू ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसल्या. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "ह्यांच्या हातात एवढं गप्प कधी बसलं नव्हतं गं! तेच ना?" मी म्हटलं, "हो काकू, तेच."

परवा त्यांचा फोन आला. "एकदा घरी आण. वाजवू नको हवं तर, नुसतं मांडीवर घेते." काही कारण सांगून टाळता आलं असतं. टाळलं नाही. मोडलेलं मँडोलिन त्याच्या पेटीत घालून घेऊन गेले. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. मशीनवर बसून बसून त्यांची नजर गेलीय, पण बोटं तयार आहेत. बोटं चिरेवरून गेली, मग तारांवर आली. एक, दोन, तीन करत आठ मोजल्या.

"ह्यांनी चार काढल्या होत्या," काकू म्हणाल्या.

"हो."

"सांगितलं नव्हतं तुला?"

"सांगितलं होतं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कार्यक्रमाचंही नाही. झाकण लावलं, पेटी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच. मोडलं तरी आमचं आहे." मग पोहे केले. मी खाल्ले. दुरुस्त करून आणते, असं म्हणायचं राहून गेलं. माफी मागायचीही.

हे काकूंना वाचून दाखवणार नाही, आणि दुसरं कोण आहे वाचायला? अंबरनाथहून बदलापूरला रिक्षाने आले. सगळा रस्ता मी थोडंतरी रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. एक मात्र झालं, ते कुणालाच बोलले नाही. तुमच्या घराचा जिना उतरताना दोन्ही हात मोकळे होते, आणि सर, मला सुटल्यासारखं वाटलं.