भाईजानचा डावा डोळा

३ मार्च २००३, सोमवार

पुन्हा तेच! भाईजान लेझरसाठी नागपूरला जायला तयार नाही. उजवा डोळा शुगरनं गेला, डावा धुरकट झालाय, डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलंय — आणि हा आरमोरीत लोकांची घड्याळं दुरुस्त करत बसलाय. फोनवर म्हणतो, "शमीम, तू बिजाचंच औषध शोधून राह्यली ना? मी तर रोज बिजाच्याच पेल्यातलं पाणी पिऊन राह्यलो. मंग मशीन काऊन?"

त्या पेल्यावरूनच तर मला लॅबमधलं हे काम सुचलं. रात्री बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या झाडाच्या, लाकडी पेल्यात पाणी ठेवायचं, सकाळी लालसर झालं की प्यायचं — आमच्याकडे शुगरवाले सगळेच करतात. पण माझा अर्क वेगळा, आणि तो अजून फक्त कोंबडीच्या अंड्यांत पडलाय. भाईजानच्या डोळ्यात नको तिथं नव्या शिरा फुटताहेत. तशा नव्या शिरा उबवायला ठेवलेल्या अंड्यात दिसतात, त्या अर्कानं थांबतात का, एवढंच बघतेय. माणसाच्या डोळ्यापर्यंत जायला वर्षं लागतील. सांगून सांगून थकले. त्याचं एकच — "लाकूड तेच ना?"

७ मार्च

लाईट गेली. उबवणीची पेटी गार. निम्मी अंडी फेकली. सगळ्यांवर खेकसले.

१२ मार्च, बुधवार

शिरा थांबल्या! कवचाला पाडलेल्या खिडकीतून बघितलं — साध्या पाण्याच्या अंड्यांत लाल जाळं दाट, अर्काच्या अंड्यांत अगदी विरळ. लॅबचे सर दोनदा बघून गेले, खूश झाले. मला मात्र धडकी भरली. हे भाईजानला कळलं तर तो नागपूरचं नावसुद्धा काढणार नाही.

संध्याकाळी फोन केला. "नाही जमलं भाईजान. बिजात काही नाही." मग म्हणाला, "रडू नको." मी रडत नव्हते, तोवर तरी.

१३ मार्च

अमरीनभाभीचा फोन. "दुकान बंद करून बसले. जेवत नाईत. तुम्ही या ना." बाकी काही बोलेना.

त्याची होती ती आशाही मी काढून घेतली. कुठून दुर्बुद्धी सुचली मला! आता लेझरचंही नाव काढणार नाही तो. हा एक डोळा गेला तर? विचारच करवत नाही. सुट्टी टाकलीय.

१५ मार्च, आरमोरी

आल्या आल्या खरं सांगून टाकलं. शिरा थांबल्या, मी खोटं बोलले. पण थांबल्या त्या अंड्यात, तुझ्या डोळ्यात नाही. हात जोडते, लेझर करून घे.

तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. "म्हणजे तुझं काम झालं?" पुन्हा विचारलं, "खरंच झालं?" हो म्हटलं. एकदम हसला. "मंग चाल, सोमवारी जाऊ नागपूरले."

इतक्या सहज! मी भाभीच्या गळ्यात पडले. ती मात्र रडायला लागली. सुटल्यासारखं वाटलं असेल बिचारीला.

१७ मार्च, एसटीत

दोन दिवस भाभीच त्याला हात धरून फिरवत होती; धुरकट दिसतं म्हणून असेल, असं मला वाटलं. ब्रह्मपुरी सुटल्यावर हळूच म्हणाला, "डावा मंगळवारीच गेला, शमीम, तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी. रक्त उतरलं. तुझ्या भाभीले कसम घातली होती. तुले सांगतलं असतं तं तू अंडी टाकून धावत आली असती."