लोहपंख वऱ्हाडीत बोलतो

मलकापूर,
८ ऑगस्ट २०२४

चि. महामाया हीस,
सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्या कमरेत उसण भरली आहे आणि ती कशी भरली हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर मी ओरडते असं तूच म्हणतेस, आणि शेजारच्या गोजरबाईंचे कान तिखट आहेत. म्हणून कागद.

माझं व्यसन तुला ठाऊक आहे. रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेली बासष्ट वर्षांची बाई अजून दर महिन्याला फलाटावरच्या स्टॉलवर जाऊन ‘लोहपंख’ या चित्रकथेचा नवा अंक मागते. स्टॉलवाला विचारतो, नातवासाठी का? मी हो म्हणते. माझा हा नातू गेली आठ वर्षं दहाच वर्षांचा आहे.

तर या अंकात ती वार्ताहर लीना गच्चीच्या कठड्यावर अशी काही उभी आहे की तिची पाठही दिसते, छातीही दिसते आणि वर ती आपल्याकडे बघून हसतेही. पायात चार बोटं उंच टाचा. माणूस खरंच असं उभं राहू शकतं का, म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून बघितलं. उत्तर गोजरबाईंना विचार. त्यांनीच मला सरळ केलं आणि बाम चोळला. पुरुष लोहपंख कधी असा पिळवटून उभा राहिलेला मी पाहिला नाही. त्या लीनाला आजवर एकेचाळीस वेळा पळवून नेलं आहे, मी वहीत टिपून ठेवलंय. एवढी वार्ताहर, पण तिची एक बातमी छापून आलेली नाही.

मे महिन्यात जुना लोहपंख मेला आणि त्याचा मुखवटा कुणीतरी नवीन घातला. कोण ते अजून गुपित आहे. मला वाटलं, आता तरी काही बदलेल. आणि हा नवा काय करतो, तर वऱ्हाडीत बोलतो! जळत्या इमारतीत शिरताना म्हणतो, ‘घाबरू नका, मी येतो,’ आणि चोराला विचारतो, ‘काऊन पळून राह्यला बे?’ छापील पुस्तकात आपली बोली आजवर गड्याच्या, नाही तर दारुड्याच्या तोंडी घालत आले, लोकांना हसू यावं म्हणून. आता लोहपंखालाही विदूषक केला. मी प्रकाशकाला खरमरीत पत्र टाकलंय की त्या अडाणी भाषांतरकाराला आधी घरी बसवा.

तुझं मिक्सरच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर कसं चाललंय? आपल्या गावचा दयाराम परवा देऊळघाटहून तुरीची डाळ देऊन गेला. तुझे वडील आता चष्मा लावूनही चष्मा शोधतात.

लोभ आहेच, कंबर बरी होईपर्यंत थोडा वाढवून द्यावा.

तुझी,
सिंधूआत्या


पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

ती. सिंधूआत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कमरेला गरम पाण्याची पिशवी लाव आणि आरशापासून लांब राहा.

आत्या, माझ्यावर इथे एक संकट आलंय. मिक्सरच्या पुस्तिकांशिवाय मी आणखी एक काम करते. त्याचं नाव ऑक्टोबरपर्यंत घरीसुद्धा सांगायचं नाही, असं लिहून दिलंय. ते मिळावं म्हणून चार वर्षं मिक्सरचं झाकण घट्ट लावा, मिक्सरचं झाकण घट्ट लावा, असं लिहीत बसले. आता त्या कामाविरुद्ध एका वाचकाचं पत्र आलंय. साहेबांनी मला समोर बसवून ते मोठ्याने वाचलं. अशी तक्रार पुन्हा आली तर काम दुसऱ्याला देऊ, असं म्हणाले. मला ते गमवायचं नाही. आजवर केलेलं तेवढं एकच काम मला माझं वाटतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. लोहपंखाच्या प्रकाशकाला तू आता दुसरं पत्र लिहू नकोस. ऑक्टोबरचा अंक येऊ दे. कारण विचारू नकोस.

आणि एक गंमत सांगते. पत्रात तू ‘लिहिते’, ‘येते’ असं लिहितेस. फोन ठेवताना मात्र तू कायम ‘ठेवतो आता’ म्हणतेस. आपल्या देऊळघाटच्या जुन्या बायकाही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. तुझ्या कधी लक्षात आलं होतं का?

माझ्यावरची माया तक्रारपेटीत टाकू नये, ही विनंती.

तुझी,
महामाया


मलकापूर,
६ सप्टेंबर २०२४

चि. महामाया हीस,
सप्रेम जय भीम. आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र मिळालं तेव्हा माझं दुसरं पत्र पेटीत पडलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर आधी मिळालं असतं तरी मी टाकलंच असतं. त्यावर अकरा बायकांच्या सह्या आहेत. दहा जणींनी न वाचता केल्या. गल्लीतल्या मनकर्णाबाईंनी नळाच्या पाण्याचा अर्ज समजून केली. चळवळ म्हटली की एवढं चालायचंच.

‘येतो’चं तू विचारलंस. नोकरीच्या ट्रेनिंगला मी सगळ्यांसमोर ‘मी येतो’ म्हणाले, तर पुण्याकडची एक मुलगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे महिनाभर मला सगळे ‘येतोबाई’ म्हणायचे. तेव्हापासून खिडकीवर आणि कागदावर मी ‘येते’च. घरातलं बोलणं घरात. छापायची वस्तू नाही ती.

पण तुझ्याविरुद्ध लिहिणारा हा रिकामटेकडा वाचक कोण? लोकांना उद्योग नसतात, दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला बरे धावतात. त्याचं नाव-गाव मला कळव. मी स्वतः जाऊन त्याची खोड मोडते.

कंबर बरी आहे, राग तसाच आहे. दोन्हींवर तुझी माया असू दे.

तुझी,
सिंधूआत्या


पुणे,
२७ सप्टेंबर २०२४

ती. सिंधूआत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

माझं काम गेलं. या महिन्याअखेर माझा शेवटचा दिवस.

सोबत ऑक्टोबरचा अंक पाठवते. तो परवा स्टॉलवर येईल, म्हणजे आता सांगायला हरकत नाही. आधी वाच आणि मगच पुढच्या ओळी वाच.

वाचलास? तर तुला कळलंच असेल, मुखवट्याआडची ती बाई आहे. मेपासून बाईच होती. मूळ चित्रकथेच्या कंपनीची अट होती की सहाव्या अंकापर्यंत वाचकाला पत्ता लागता कामा नये. मूळ भाषेत ते सोपं आहे, तिथे ‘मी’ला बाई-पुरुष नाही. मराठीत मात्र तिने पहिल्याच पानावर ‘येते’ म्हटलं की खेळ संपला, आणि ‘येतो’ म्हटलं की मी खोटं लिहिलं. आठ दिवस मला झोप नव्हती. मग तुझा फोन आला, आणि ठेवताना तू म्हणालीस, ‘ठेवतो आता.’ तिथेच सुटलं. ती वऱ्हाडीत बोलली तर ‘येतो’ म्हणणारी बाई खोटं बोलत नाही, आणि कुणाला कळतही नाही. विदूषक नव्हे, आत्या. मी तिला तुझा आवाज दिला होता.

त्या अडाणी भाषांतरकाराचं नाव शेवटच्या पानावर छापलंय. पहिल्यांदा आणि शेवटचं. रिकामटेकड्या वाचकाचं नाव-गाव तू मागितलं होतंस, ते आता तुझं तूच लिही.

मी रागावलेले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. तरी लोभ तुटत नाही, ही माझी अडचण.

तुझी,
महामाया


मलकापूर,
३ ऑक्टोबर २०२४

चि. महामाया हीस,
जय भीम. आशीर्वाद द्यायला हात वर होत नाही.

अंक तीनदा वाचला. तिने मुखवटा काढला, कपाळाचा घाम पुसला, आणि मी कॉटवर बसून भोकाड पसरलं. पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून ती सरळ उभी होती ग. कंबर कुठेही पिळलेली नव्हती.

तेहतीस वर्षं लोक खिडकीत डोकं घालायचे आणि मला बघून म्हणायचे, बाबूले बोलवा. मी म्हणायचे, मीच बाबू. घरी येऊन त्या अडाण्यांना शिव्या घालायचे. आणि पंख, मुखवटा, वळलेली मूठ दिसल्याबरोबर मीही खिडकीत डोकं घालून बाबूच शोधला. माझ्याच तोंडचे शब्द बोलत होती ती, तरी मी ओळखलं नाही. ओळखायला मला लाज वाटत होती, हे खरं कारण. ट्रेनिंगमधल्या त्या हसणाऱ्या मुलीचं काम मी पस्तीस वर्षं फुकट पुढे चालवलं.

काल अंक अकराही जणींना वाचून दाखवला. मनकर्णाबाई म्हणाल्या, ती बाई आहे हे त्यांना पहिल्या अंकापासून माहीत होतं, मी नावं ठेवत वाचून दाखवत होते तेव्हापासून. आपल्यासारखी बोलते म्हणजे आपल्यातलीच असणार, त्यात काय मोठं? मला का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, तू शिकलेली, तुले माहीतच असन असं वाटलं.

लीनाच्या वहीत नवी नोंद केली आहे. बेचाळीस: महामाया. पळवून नेणारी: सिंधू.

नवा अर्ज तयार आहे. आधीची दोन्ही पत्रं मूर्खपणाची होती, ती लिहिणारी मी, आणि याच भाषांतरकाराला परत आणा, एवढाच मजकूर. या वेळी सगळ्यांनी वाचून सह्या केल्या. हा अर्ज मी पेटीत टाकणार नाही. तुझ्या साहेबांच्या टेबलावर स्वतः ठेवणार आहे, आणि त्यांना मोठ्याने वाचूनही दाखवणार आहे, आपल्या बोलीत. हसायचं असेल तर हसू दे. काम मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण चूक माझी, तर समोर उभी मीच राहीन, सरळ.

पुढच्या रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. या पत्रात आधी ‘येते’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.

लोभ मागायची माझी लायकी नाही. स्टेशनवर आलीस तर समजेन.

घाबरू नको. मी येतो.

सिंधूआत्या