हरणांना घातलेली हुग्गी

देवनहळ्ळी,
संक्रांत होऊन नऊ दिवस झाले

तीर्थस्वरूप कस्तुराक्कास,

धाकट्या आप्पाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघा दुखतो असं कळलं, म्हणून हलकेच ठेवलं आहे.) डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस ना, की कपाटात घडी करून ठेवलास? न्हाणीत जपून जा. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं की ते इथे घरात महानंदालाच ऐकू येतं, म्हणून पत्र लिहितो. चौथीपर्यंतच शिकलो आहे, चुका सांभाळून घे.

आमच्या लेकाने, उल्हासने, इथे दीड एकर घेतली आणि राखायला आम्हा म्हातारा-म्हातारीला बसवलं, ते तुला माहीत आहेच. (राखण म्हणजे रोज सकाळी उठून जमीन जागेवर आहे का ते बघायचं. अजून तरी आहे.) यंदा थंडी फार पडली. भोवतीच्या शेतांचे प्लॉट पाडून लेआउट झाले, कुंपणं आली, आणि पलीकडच्या बनातली ठिपक्यांची तीन हरणं आमच्या बांधावर वाळका पाला चघळायला येऊ लागली. एक मोठी मादी, तिचं पाडस आणि एक लंगडी. बरगड्या लांबून मोजता येत होत्या. मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून कुडकुडत होतो, आणि ती उघडी. बघवेना. चामराजपेटेत चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, त्यामुळे भूक दिसली की माझा हात पोत्याकडेच जातो. आधी मूठभर नाचणी टाकली, मग सूपभर. ‘या गं बायांनो’ म्हटलं की आठवड्याभरात ती उड्या मारत यायला लागली. खोटं कशाला सांगू, घरात माझ्या हाकेला कोणी येत नाही, त्यामुळे थोडा गर्वही झाला.

संक्रांतीला महानंदाने हुग्गी केली. नवे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ सढळ हाताने. आपल्या निपाणीत बेंदराला बैलाने पोळी खाल्ल्याशिवाय आपण कधी जेवलो का, सांग. मग ही जनावरं काय परकी? महानंदा म्हणाली, “अहो, बैल घरचा. त्याला दाण्याची सवय असते. ही रानातली, यांना कशाला?” मी म्हटलं, सणासुदीचं अभद्र बोलू नकोस, आणि दोन घमेली भरून बांधावर नेऊन ठेवली. मोठीने पाडसाला ढकलून दीड घमेलं एकटीने संपवलं. लंगडी पोचली तेव्हा चाटायला कडा उरल्या होत्या. मी मात्र, आपण फार पुण्य केलं, अशा थाटात उभा.

दुसऱ्या दिवशी मोठी बोअरवेलपाशी उभी होती, पोट ढोलासारखं फुगलेलं, आणि दात खात होती. मला वाटलं अजीर्ण. ओव्याचं पाणी नेलं, तोंड लावीना. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही.

वनखात्याचा राखणदार नागराज आला. बरा माणूस आहे, ओरडला नाही. (ओरडला असता तर बरं झालं असतं.) म्हणाला, “अज्जा, थंडीत यांचं पोट वाळक्या पाल्याला लागलेलं असतं. एकदम दाणा आणि गूळ गेला की आत आंबतं. उपाशी असती तर जगली असती.” तो हे कन्नडात बोलला. शेवटचं वाक्य मी तेव्हापासून मराठीत म्हणत बसलो आहे. जाताना त्याने बजावलं, उरलेल्यांना आता काही घालायचं नाही, हाकलायचं. माणसाचं भय मोडलं तर लेआउटची कुत्री त्यांना फाडतील. महिनाभरात ती गेली नाहीत तर जाळं लावून धरून न्यावी लागतील, आणि जाळ्यात निम्मी हरणं नुसत्या धसक्यानेच मरतात म्हणे.

महानंदा ‘मी सांगितलं होतं’ असं अजून एकदाही म्हणाली नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पहिल्यांदाच असं झालं आहे. ते फार लागतं गं.

बाकी इकडे ठीक. पट्टा बांध.

तुझा
आप्पाजी

ता. क. – लिहायचं ते राहिलंच. लंगडी आणि पाडस अजून रोज संध्याकाळी येऊन उभी राहतात. मी काठी आपटतो, ‘हाड् हाड्’ करतो, तर माझा आवाज ऐकून आणखी पुढे येतात. हा आवाज म्हणजे जेवण, एवढंच त्यांना ठाऊक. महानंदाचा आवाज मुळात बारीक. तुझ्या एका आरोळीने बाजारातले वळू पांगायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पत्र मिळताच निघ. कुंपणाशी खुर्ची मांडून देतो, बसल्या बसल्या ओरड.

आणखी एक – तू ओरडशील तेव्हा मला आत कोंडून वरून कडी घाल. काल पाडस अगदी हाताशी आलं आणि माझा हात खिशात गेला. खिशात मूठभर नाचणी निघाली. ती मी टाकली नाही, असं महानंदाला सांगितलं आहे.