खुंटीवरचा कोट

॥ श्री ॥
शिवाजीनगर, बंगळूर
ता. ३ ऑगस्ट १९९५

ती. अक्कास गुंडूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कापडदुकान बरं चाललंय, पण गिरीधरची लक्षणं ठीक दिसेनात. मी खोलीत शिरलो की मित्रांशी चाललेलं इंग्रजी थांबतं. काही विचारलं की नुसतं कन्नडातलं सरी, म्हणजे बरं, म्हणतो. कॉलेजात पालकसभा असते का विचारलं, तर नसते म्हणाला. शेजारच्या रूपश्रीचे वडील मात्र परवाच त्या सभेला जाऊन आले. त्याच दिवशी खुंटीवरचा माझा कोट गायब होता. संध्याकाळी परतला तो चिरुटाचा वास घेऊन. आपल्या घरात सुपारीसुद्धा कोणी खात नाही. पोरगं वाईट संगतीला लागलं असेल तर दसऱ्यापासून कॉलेज बंद करून दुकानात बसवीन म्हणतो. देवानं बुद्धी द्यावी, त्याला किंवा मला.

तुझ्या ओरडण्याला अजून भिणारा,
गुंडू

बंगळूर, ता. ११ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

तुझं कार्ड मिळालं. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. कोट मीच नेला. प्रवेशाच्या वेळी बाबांनी प्रिन्सिपलांच्या बंद दाराशी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. विद्येची जागा म्हणे. मुलं अजून मला पाहून उंबऱ्याला हात लावतात. म्हणून सभेला गल्लीतल्या देवाप्पांना वडील म्हणून नेलं. ते पूर्वी क्लबात नोकरीला होते, फाडफाड इंग्रजी बोलतात. चिरूट तेवढा सोडत नाहीत. बाबांना कळवू नकोस, माझं कॉलेज सुटेल.

अजून लाडका असलो तर तुझाच,
गिरीधर

बंगळूर, ता. ३० ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

संशय घरात शिजवू नकोस, सरळ कॉलेजात जाऊन विचार, एवढंच तू लिहिलंस. तुला सगळं ठाऊक होतं, असा आता तुझाही संशय येतो. असो. गेलो. प्रिन्सिपलांनी गिरीधरला बोलावून घेतलं आणि मला कन्नडात विचारलं, याचे वडील तर मागेच येऊन गेले, छान इंग्रजी बोलले, मग आपण कोण? पोराचा चेहरा पांढराफटक पडला. इंग्रजी बोलणारा आणि चिरूट ओढणारा आमच्या गल्लीत एकच. खरं सांगावं तर पोराचं नाव कापलं जाणार. मी म्हणालो, काका. सरस्वतीच्या तसबिरीखाली बसून म्हणालो.

घरी जेवताना त्यानं विचारलं, पुढच्या सभेला याल का. बाप म्हणून की काका म्हणून, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माया आहे तशीच असू दे.
गुंडू