विश्रांती, मुक्काम बदलापूर

१२ जाने., सोम.
कन्याकुमारीसाठी भूज सोडून आज चौदावा दिवस. मनोरहून सकाळी मी आणि मोहिते सायकलींवर निघालो. पाठीला वारा, गुडघा गप्प. असा दिवस मिळत नाही म्हणत होतो तेवढ्यात शहाडचा पूल उतरताना रिक्षा मागून घासली. मी उजव्या अंगावर, सायकल माझ्याखाली. मला खरचटलं फक्त. मागचा गिअर ज्या बोटभर तुकड्याला लटकतो तो हँगर मात्र मोडून दोन. रिक्षावाला उतरून म्हणाला, "काका, आप साइड में चलाओ ना." साइडलाच होतो.
टेम्पोत सायकली घालून हेंद्रेपाड्यात घरी आलो. नियम केला होता की वाटेत घर लागलं तरी घरी झोपायचं नाही. सुनंदाने दार उघडलं आणि आधी गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मोहिते म्हणाला, "भाऊ, नाहीतरी उद्या विश्रांतीच होती." वही काढून दोघांच्या नावापुढे कि.मी. लिहिले. कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला माझ्या हाताखाली होता. तिथेही असाच रोज लिहायचा.

१३ जाने., मंगळ.
विश्रांतीचा दिवस. मो. कपडे धुऊन गच्चीत पाय वर करून पडला. मी उल्हासनगर. चार दुकानं, कुठेच या फ्रेमचा हँगर नाही. "ये फ्रेम बंद हो गया साहब." शेवटी तीन नंबर कॅम्पात किशनचंदकडे. छोटं लेथ, अंधारी जागा, हात सोन्याचा. मोडका तुकडा उलटसुलट केला. "शाम को ले जाना साईं. अल्युमिनियम में चाहिए?"
मीच म्हटलं, अल्युमिनियम नको, स्टीलचा कर. परत मोडायला नको.
संध्याकाळी हातात दिला. काय फिनिशिंग. "ओरिजिनल से तगड़ा. फ्रेम टूटेगा, ये नहीं टूटेगा." हसलो दोघंही.
मो.ने तुकडा हातात तोलून बघितला. "स्टील?" म्हणाला. मी हो म्हटलं. बाकी काही बोलला नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
सकाळी निघायचं होतं. सु. म्हणाली, सणाचं घरातून कोण जातं. राहिलो. मो.ने वहीत दुसऱ्यांदा 'विश्रांती' लिहिलं, नाराजीनेच. हँगर बसवला, गिअर लोण्यासारखे पडतात.
आभाळभर पतंग. पोरं ओरडून घसा बसवून घेतायत. बिल्डिंगवाल्यांनी खाली बोलावून शाल-नारळ दिला. अजून निम्मंही झालेलं नाही म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात, "आता झाल्यातच जमा." मला ते आवडलं नाही. शाल मात्र घेतली.
बदलापूर गावातून दादा तिळगूळ घेऊन आला. "आता बस कर रे. पाय मोरून येशील न् मंग आम्हीच उचलाचा." त्याला सांगितलं, मी परत आल्यावर डॉक्टर गुडघा बदलणार आहेत. मग सायकल फक्त भाजी आणायला. म्हणजे कन्याकुमारी आत्ता, नाहीतर नाही. दादा म्हणाला, "तिकरं गारी जाते ना." आगगाडी म्हणायची होती त्याला.

१५ जाने., गुरु.
पहाटे निघालो. सु. खाली आली होती, हात केला नाही.
कालच्या संक्रांतीचा सगळा कचरा रस्त्यावर. वांगणीच्या अलीकडे नायलॉन मांजाचा गुंता, फाटक्या पतंगासकट. दिसला तेव्हा चाकात होता. मांजाने मागचा गिअर चाकाच्या आऱ्यांत ओढला. मी पायाला जोर देतच होतो, चढ होता. कडाड. हँगर जिथल्या तिथे, ओरखडासुद्धा नाही. फ्रेमचा कान, ज्याला तो बोल्टने बसतो, तो उपटून आला.
मो. उतरला, बघितलं, टोपी काढली.
शिअर पिन. कारखान्यात मशीनला मुद्दाम एक कच्ची पिन ठेवतात. लोड आला की ती मोडते, गिअरबॉक्स वाचतो. नव्वदच्या सुमारास एका फिटरने तिच्याऐवजी पक्का बोल्ट घातला होता. सगळ्या खात्यासमोर मी त्याची सालटी काढली. हा हँगर म्हणजे तीच पिन. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.
टेम्पोत मो.ला विचारलं, स्टील म्हटल्यावर गप्प का बसलास?
"तुम्ही सांगताय म्हणजे बरोबर असेल वाटलं, भाऊ."
बत्तीस वर्षांची सवय.

१६ जाने., शुक्र.
मो. एकटाच पुढे गेला. मीच जा म्हटलं. तो थांबलाही असता, तेच नको होतं. वही बॅगेत घालताना म्हणाला, "तुमचं पान तसंच ठेवतो." कर्जतच्या रस्त्याला वळेपर्यंत बघत उभा होतो. मग दूध घेऊन घरी.

१८ जाने., रवि.
अंबरनाथ, एम.आय.डी.सी.तला वेल्डर. ओळखीचा. फ्रेम बघून म्हणाला, "करून देतो साहेब. स्टेशनपर्यंत जाऊन याल. घाटात नेऊ नका." ठेवून आलो तरी.
समोरच्या बिल्डिंगमधल्याने आपली सायकल देऊ केली. भला माणूस. माझ्यापेक्षा वीतभर उंच. सीट खाली करूनही जमेना. कात्रपपर्यंत गेलो, परतताना गुडघा भरून आला. सु.ने न बोलता बर्फ आणला. ती बोलली असती तर भांडता आलं असतं.

२१ जाने., बुध.
मो.चा फोन, बेळगावहून. उसाच्या ट्रॉल्या, धूळ, पण ठीक. मी विचारलं, चढाला कुठला गिअर लावतोस. सांगितलं त्याने सगळं. फोन ठेवल्यावर घरात बसवेना. उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. चालतानाही गुडघा दुखतो आता.
सु.ने डॉक्टरांना फोन केला. "अहो, घरी आहातच तर ऑपरेशन उरकून टाकू," ते म्हणाले. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची तारीख मिळतेय. शनिवारपर्यंत कळवा म्हणाले. मी बघू म्हटलं.

२३ जाने., शुक्र.
वेल्डिंग झालं. टाका जाड, काळपट. अंबरनाथहून घरापर्यंत चालवत आणली, कुरकुरली नाही. किशनचंदचा हँगर अजून चकचकीत. टेबलावर जुना मोडका ठेवलाय. बोटांनी वाकतो इतका मऊ. अशा तुकड्यावर भुजहून इथवर आलो.

२४ जाने., शनि.
सायकल दारात. हवा भरली, का ते माहीत नाही. सु. दोनदा विचारून गेली, डॉक्टरांना काय कळवू. थांब म्हटलं.
दुपारी मो.चा फोन, हुबळीहून. आज त्याचा विश्रांतीचा दिवस. वही उघडून बसला होता, पानं उलटल्याचा आवाज येत होता. म्हणाला, सोळा तारखेपासून तुमच्या नावापुढे रोज 'विश्रांती' लिहितोय. सोडलं असं अजून लिहिलेलं नाही.
"आज काय लिहू, भाऊ?"
सु. दारात उभी होती, फोनसाठी हात पुढे करून.
म्हटलं, आजच्या दिवस विश्रांतीच लिही.