राखेतले वाटाणे

शिवरे, २२ सप्टेंबर

ती. आबांस, सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून पत्र. आमच्या हॉटेलचे मालक विलायतेत राहून आलेले. त्यांना तिकडच्यासारखा वाटाण्याचा मऊ गाळ हवाय, तळलेल्या मासळीबरोबर. वाटाणे रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवून शिजवायचे. पिवळ्यांचा रगडा झाला, डाळीचं वरण झालं आणि दुकानातल्या चकचकीत हिरव्यांचा रंग पाण्यात गेला, दाणे मात्र खडेच राहिले. जमलं तर भटारखाना माझ्या हाती, नाहीतर आहेच कांदे चिरणं. कोणते घेऊ?

दसऱ्याला सुटी नाही. रागावू नका, माया असू द्या.

तुमची, सुलक्षणा

वेल्हे, २६ सप्टेंबर

चि. सुलक्षणास अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या मालकाला दात नाहीत का गं? असो. सालीसकट अख्खा, सुरकुतलेला, फिकट हिरवा दाणा घ्यावा. चकचकीत दिसला की रंग दिलाय समज. जुना दाणा दिवसभर शिजवला तरी दाद देत नाही, यंदाचाच हवा. दुकानं कशाला धुंडाळतेस, घरचेच पाठवतोय. एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिलीय, कापूरहोळच्या स्टँडवर ठेवायला सांगितलंय, घेऊन जा.

दसऱ्याचं कळलं. मी बरा आहे. तुझी आई गेली तरी भाकऱ्या दोघांच्याच थापतो, तिच्या वाटची कुत्र्याला जाते. बोलायलाही आता तोच आहे.

आठवण ठेव.

आबा

शिवरे, ३० सप्टेंबर

ती. आबांस सा. न.

आबा, वाटीभर वाटाणे धुवायला घेतले, तर पाणी राखेनं काळं झालं. आई राख फक्त बियाण्याला चोळायची. सगळं बी पाठवलंत ना? ओले झाले तेवढे शिजवले. लोण्यासारखे झाले. मालकांनी बशी चाटून पुसून खाल्ली, भटारखाना दिला. यंदा पेरायचंच नाही असं ठरवलंत आणि मला सांगितलंही नाहीत?

उरलेलं बी त्याच एसटीनं परत पाठवतेय. पेरा. तोडणीला मी येते.

तुमचीच, सुलक्षणा

वेल्हे, ९ नोव्हेंबर

चि. सुलक्षणास आशीर्वाद.

भटारखाना मिळाला, फार बरं वाटलं. ऐकायला तुझी आई हवी होती.

बियाण्याचं तू ओळखलंस. गेल्या हंगामात शेंगा वेलावरच वाळल्या. एकट्यानं किती तोडणार, आणि कुणासाठी? तुझ्या कामी तरी येऊ दे म्हटलं. पण तू येते म्हणालीस म्हणून पेरलं. रोपं वीतभर झालीत. पौषात शेंगा भरतील.

तोडणीला जमणार नसेल तर आत्ताच कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही.

हे खोटं लिहिलं. तसं कळवलंस तरी बघणारच आहे.

तुझा, आबा